नोकरी अर्धवेळ केल्याचे कळवण्यासाठी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचे दोनदा ठरवले आणि दोन्ही वेळा बाबांच्या खोकल्याची चौकशी करून फोन ठेवला, म्हणून लिहिते आहे. एक तारखेपासून मी नोकरी अर्धवेळ केली आहे. सकाळी कार्यालयाचे काम आणि दुपारनंतर गेम डेव्हलपमेंटचा अभ्यास, असा आता माझा दिवस असतो. आधी विचारले नाही, याचे तुम्हाला वाईट वाटेल. पण विचारले असते तर तुमची काळजी पाहून माझा पाय मागे आला असता, आणि पुढे कधीतरी मनातल्या मनात मी तुम्हालाच दोष दिला असता. ते मला नको होते.

बाबांना लगेच काकांचा छापखाना आठवेल. मलाही तोच आठवला, आणि म्हणूनच मी मोठा गेम हाती घेतलेला नाही. कर्ज नाही, लॅपटॉप जुनाच आहे, गेम बनवण्याचे गोडो नावाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. पहिला गेम केला तो दोन फळ्या आणि एक चेंडू एवढाच. १९७२ साली ॲटारी या व्हिडिओ गेम कंपनीत ॲलन अल्कॉर्न या नव्या अभियंत्याला सहसंस्थापक नोलन बुशनेल यांनी हेच काम केवळ सरावासाठी दिले होते, आणि त्यातून ‘पाँग’ हा गाजलेला गेम तयार झाला. मलाही तूर्त सरावच हवा आहे.

एवढ्याशा खेळातही शिकण्यासारखे किती असते, हे तुम्हाला सांगावेसे वाटते. चेंडूचा वेग वाढवला की तो मधूनच फळीच्या आरपार जाऊ लागला. तीन संध्याकाळी मी तेच पाहत बसले होते. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढले जाते. चेंडू सेकंदाला १२०० पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे बारीक ठिपके, धावत असेल, तर प्रत्येक चित्रात तो २० पिक्सेल पुढे उडी घेतो. माझी फळी १० पिक्सेल जाड आणि चेंडू ६ पिक्सेलचा, त्यामुळे एका चित्रात चेंडू फळीच्या अलीकडे, तर पुढच्या चित्रात पलीकडे, आणि धडक कधी झालीच नाही! मग चेंडू आता कुठे आहे एवढेच न पाहता, आधीच्या जागेपासून इथपर्यंतची सगळी वाट तपासायला लावली. मोठ्या प्रकल्पात ही चूक कुठे दडली आहे हेच मला सापडले नसते.

शिवाय लहान गेम पूर्ण करता येतो. गुण जतन करणे, आवाज, खेळ मध्येच थांबवण्याची सोय, दुसऱ्याच्या संगणकावर तो चालतो की नाही हे पाहणे, ही शेवटची कंटाळवाणी कामे अर्धवट सोडलेल्या मोठ्या गेममध्ये कधी वाट्यालाच येत नाहीत. माझ्या मते खरे शिक्षण तिथेच आहे.

आई, पुठ्ठ्यावरची आपली सापशिडी आठवते? मी रडले म्हणून तू ९७ वरचा साप खोडून ९२ वर काढला होतास. खेळ किती अवघड ठेवायचा, हे मी आता पुन्हा शिकते आहे आणि रोज तुझा तो खोडरबर आठवतो. ही आवड मी बाहेरून आणलेली नाही.

माझे जेवण वेळेवर होते, झोप पूर्ण होते, खुर्ची पाठीला आधार देणारी आहे आणि रात्री अकरानंतर मी लॅपटॉप उघडत नाही. वर्षभर पुरेल एवढी शिल्लक बाजूला ठेवली आहे. वर्षअखेरीस पाच लहान गेम पूर्ण झाले नाहीत, तर पुन्हा पूर्णवेळ नोकरी करीन. तुम्हाला दरमहा पाठवते त्यात काहीही कमी होणार नाही, आणि यावर वाद नको.

आता माझे ऐका. बाबांनी खोकल्यासाठी याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचे आहे. ‘बरा आहे’ हे उत्तर चालणार नाही. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. आई, गुडघ्याचे व्यायाम तू करत नाहीस हे मला कळले आहे, कोणाकडून ते विचारू नकोस. रागावून लिहीत नाही, लांब असल्यामुळे जीव लागून राहतो.

महिनाअखेरीस घरी येते आहे, तेव्हा दुसरा गेम तुम्ही दोघांनी खेळायचा आहे. मी शेजारी बसेन, पण काहीही सांगणार नाही. तुमचा हात कुठे अडतो ते मला पाहायचे आहे. बाबांनी चष्मा जवळ ठेवावा.

तुमची,
धाकटी