सर, हांव खंय रावूं?

म्हापसा,
२१ सप्टेंबर

प्रिय विनू,

तुझं पत्र ऐन चवथीत हाती आलं. गणपतीवरची फळापानांची माटोळी उतरवली, पाहुणे आपापल्या गावी गेले, घर जरा मोकळं झालं, तेव्हा कुठं लिहायला बसलोय.

चिऊला शाळेच्या हॉकी संघात बॅकला, म्हणजे मागं बचावाला, उभं केलं, ती रोज रडत घरी येते आणि 'सरांना सांगून तिला पुढं खेळवायला लावू का?' असं तू विचारतोस, ते समजलं. पण जाता जाता तू एक वाक्य लिहिलंस, 'इथल्या पोरांच्या रक्तातच बचाव आहे, त्यांच्यात आपली पोर काय टिकणार?' विनू, ते वाक्य मला खटकलं. चिऊच्या प्रश्नाआधी त्याचंच बोलतो.

तुला तसं का वाटतं ते कळतं. दिलीप तिर्की, लाझारस बार्ला, अमित रोहिदास, बिरेंद्र लाकडा, मुलींमध्ये दीप ग्रेस एक्का, सुनीता लाकडा. ओडिशातल्या एकट्या तुमच्या सुंदरगड जिल्ह्यानं देशाला केवढी बचावफळी दिली! पण रक्ताचंच म्हणायचं तर आपल्या गोंयकारांकडे बघ. १९४८ ला लंडन ऑलिंपिकात हॉकीचं सुवर्णपदक मिळालं तेव्हा आपल्या गोलात लिओ पिंटो होता. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकात केनियाच्या संघात कितीतरी गोंयकार होते आणि तो संघ सहावा आला. त्यांचेच भाऊबंद इथं गोव्यात राहिले आणि कापणी झालेल्या शेतात फुटबॉल खेळत मोठे झाले. रक्त एकच, पण नैरोबीत त्यांच्या हातात स्टिक पडली आणि इथं पायात बॉल. मैदान कसलं, हातात काय आणि मोठी माणसं काय सांगतात, यावर पोराची जागा ठरते.

तुमच्याकडच्या खस्सीच्या सामन्यांबद्दल तूच लिहिलं होतंस. बक्षिसाला बोकड, कडेला सगळा गाव, उंचसखल माळ आणि बांबूची घरी घडवलेली स्टिक. अशा मैदानावर बॉल कुठं उडेल याचा नेम नसतो. समोरून येणाऱ्या बॉलवर नजर रोखून टिच्चून उभं राहायला पोर तिथंच शिकतं. मणिपुरात खोंग कांगजेईसारखा वेताच्या काठीचा जुना खेळ आहे, बाजूला सात-सात जण. तिथलं मूल पळता पळता बॉल राखायला हॉकीच्या आधीच शिकलेलं असतं. कोडगूत १९९७ पासून घराण्याघराण्यांचे सामने होतात, तिथं पोरगं काकाच्या शेजारी उभं राहून आपली जागा ओळखतं. पंजाबातल्या पोरांना आता ड्रॅगफ्लिकचं, म्हणजे पेनल्टी कॉर्नरला बॉल स्टिकनं ओढून गोलात भिरकावण्याचं वेड, आणि हरमनप्रीत सिंगला पाहिल्यावर ते लागणारच.

आता आपल्या गोव्याचं सांगतो, कारण हे मी रोज डोळ्यांनी बघतो. इथलं पोर हॉकीला येतं ते फुटबॉल पायात घेऊनच. त्याचा फायदा मोठा. तिघांनी त्रिकोण करून पास द्यायचा, मोकळ्या जागेत धावायचं, हे त्याला शिकवावं लागत नाही. पण त्याच फुटबॉलनं मला एकदा चांगलंच चुकवलं. डाव्या पायाचा खेळाडू डाव्या बगलेला, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की हॉकीतही आपण तेच करतो. खरं तर हॉकीत डावखुऱ्याची स्टिकच नसते. सगळ्यांची स्टिक एकच, सपाट बाजू डावीकडे. उजव्या बगलेवरून बॉल मध्ये मारणं सोपं, अंगाच्या ओघातच तो डावीकडे जातो. डाव्या बगलेवरून मध्ये मारायचा तर धावता धावता बॉलच्या पुढं जावं लागतं, डावा खांदा मैदानाच्या मध्याकडं वळवावा लागतो, आणि हे सगळं समोरचा बचाव करणारा हाफ अंगावर येत असताना.

माझ्याकडे एक मुलगी आहे, बारा वर्षांची, शाळेत सगळ्यांत वेगवान. फुटबॉल डाव्या पायानं मारते म्हणून मी तिला लेफ्ट-आउट, म्हणजे डाव्या बगलेची फॉरवर्ड, केली. सामन्यात ती बॉल घेऊन सुसाट जायची आणि शेवटच्या रेषेजवळ जाऊन थबकायची. बॉल जायचा. मला वाटलं, घाबरते. दोन महिने मी तिला 'धीर धर, मार' एवढंच सांगत राहिलो. मग एका संध्याकाळी, पाऊस नुकताच थांबला होता, आमच्या जांभ्याच्या मैदानावर लाल चिखल झाला होता, आणि तिच्या पायांचे ठसे मला स्पष्ट दिसले. दोन्ही पाय सरळ गोलरेषेकडे, एकही ठसा वळलेला नाही. तिला वळायचंच कुणी शिकवलं नव्हतं! मी तिथंच चिखलात उकिडवा बसलो आणि हातानं तिचा बूट फिरवून दाखवला. तिनं तिसऱ्या प्रयत्नाला बॉल मध्ये आणला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, की हे आधी का नाही सांगितलंत? त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सगळ्या जागा फिरवतो. सहा-सहा जणांचे संघ, पाव मैदान, दर दहा मिनिटांनी बदल. ही कल्पना माझी नाही. नेदरलँड्समध्ये लहान मुलं आधी सहा जणांत खेळतात, मग अर्ध्या मैदानावर आठ जणांत, आणि त्यानंतर ९१.४ मीटर लांबीच्या पूर्ण मैदानावर अकरा जणांत. मूल वाढतं तसं त्याचं मैदान वाढतं. आपण मात्र दहा वर्षांच्या पोराला अकरांत उभं करतो आणि सांगतो, तू इथून हलायचं नाहीस.

तुला आठवतं? सातवीत आपल्याला रांगेत उभं केलं होतं. रुंद पोरं मागं, काटकुळी पुढं. तू पुढं राइट-इन झालास, मी मागं फुलबॅक. पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन बॅक. १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकात कृत्रिम गवताचं टर्फ आलं, १९९८ ला ऑफसाइडचा नियम कायमचा गेला, जगाची मांडणी बदलली, तरी आपल्याकडे बोलायचे शब्द अजून तेच आहेत. सर माणूस चांगला होता, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण नऊ वर्षांत मी समोरच्या डीत, म्हणजे गोलापुढच्या अर्धवर्तुळात, किती वेळा गेलो, ते हाताच्या बोटांवर मोजता येईल. तू बॉल का सोडत नाहीस म्हणून मी मागून ओरडायचो. तुला तिथं काय दिसतंय, तीन जण कसे अंगावर येतात, हे मला पोरांना शिकवायला लागल्यावर कळलं. तेव्हाच्या त्या ओरडण्याबद्दल आज मनापासून माफी मागतो.

गोलकीपरचं तर बघवत नाही. शाळेकडे पॅडचा एकच जोड, ज्याच्या मापाला बसेल तो कीपर. भारताचा गाजलेला गोलकीपर श्रीजेश तिरुवनंतपुरमच्या क्रीडाशाळेत अ‍ॅथलेटिक्ससाठी गेला आणि तिथं गोलात उभा राहिला. पण त्याला पुढं शिकवणारं कुणी होतं. आमच्याकडे पॅड बांधले की पोराला विसरतात. यंदा मी सगळ्यांना आलटून पालटून पॅड बांधायला लावतोय. सैल होतात, दोरीनं आवळतो.

म्हणून चिऊचं असं कर. सरांकडे जाऊन जागा बदलून मागू नकोस. तिकडं बचाव शिकायला मिळणं हे भाग्य आहे, इथं गोव्यात मला तो माणूस शोधून सापडत नाही. समोरच्याला आपल्या उजव्या हाताला कसं ढकलायचं, रिव्हर्सच्या, म्हणजे आपल्या डाव्या, बाजूनं कसं जाऊ द्यायचं नाही, हे तिला वर्षभरात पक्कं कळेल. पण रविवारी कॉलनीतल्या पोरांत तिला पुढं खेळू दे, मध्ये खेळू दे. आणि ती रडते तेव्हा नेमकं कशासाठी, ते विचार. जागेसाठी रडते, की तिथं उभं राहून काय करायचं ते कळत नाही म्हणून? या दोन गोष्टी फार वेगळ्या आहेत. माझ्याकडची पोरं तर मैदानात पाय टाकताच विचारतात, 'सर, हांव खंय रावूं?', मी कुठं उभं राहू? पूर्वी मी बोटानं जागा दाखवायचो. आता विचारतो, 'बॉल खंय आसा?', बॉल कुठं आहे?

नाताळच्या सुट्टीत या. २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धांतलं हॉकी जिथं झालं त्या इथल्याच पेडे भागातल्या टर्फवर आपण चिऊला घेऊन जाऊ. येताना तिची स्टिक आण, आणि जमलं तर तिकडची एक बांबूचीही. माझ्या पोरांना ती हातात धरून बघायची आहे.

वहिनींना नमस्कार, चिऊला खूप खूप आशीर्वाद. आई तुझी आठवण काढते. नेवऱ्या पार्सलनं पाठवू का, म्हणून विचारतेय.

तुझा,
गुरू