दिगू, आधी बयाणा घेऊ नकोस

फोंडा, गोवा
9 ऑक्टोबर 2025

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. सावईचे घर विकायचे ठरले, गिऱ्हाईक दिल्लीचे, किंमत एक कोटी वीस लाख, आणि दिवाळीला तू ब्रिटनमधल्या स्विंडनहून आलास की बयाणा घ्यायचा. घर विकावे की ठेवावे यावर मी बोलणार नाही. त्या राजांगणात चवथीला आपण घुमट वाजवले, म्हणून मला वाईट वाटते एवढेच. पण बयाण्याचे ऐकून स्वस्थ बसवेना. फोनवर आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून लिहितो.

माझ्या मडगावच्या फ्लॅटचे काय झाले ते तुला पूर्ण कधी सांगितले नाही. 2009 मध्ये 28 लाखांना घेतलेला, गेल्या वर्षी सप्टेंबरात 84 लाखांना विकला. तेव्हा मी मस्कतलाच होतो, म्हणजे आयकराच्या हिशेबी अनिवासी. विकणारा इथला रहिवासी असता तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला असता. अनिवासी असला की आयकर कायद्याचे कलम 195 लागते, आणि आयकर खात्याचे वेगळे प्रमाणपत्र हाती नसेल तर कपात नफ्यावर होत नाही, अख्ख्या किमतीवर होते. साडेबारा टक्के, वर अधिभार, वर सेस, मिळून 14.3 टक्के. माझे 12 लाख 1 हजार 200 रुपये सहीच्या दिवशीच कापले गेले. घेणाऱ्याची चूक नव्हती, त्याने कायदा पाळला. ज्या सल्लागाराकडे मी गेलो होतो त्याने कलम 197 चे, म्हणजे कमी कपातीच्या त्या प्रमाणपत्राचे, नावसुद्धा काढले नाही.

खरा कर किती होता? नफा 56 लाख. आपण गोंयकार, पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. आयकर कायद्यातले कलम 5ए हे मानते आणि भांडवली नफा दोघांत निम्मा-निम्मा वाटते. प्रत्येकी 28 लाख, 50 लाखांच्या आत, म्हणजे अधिभार नाही, 13 टक्केच. दोघांचा मिळून कर 7 लाख 28 हजार. उरलेले 4 लाख 73 हजार परत मिळण्यासाठी ऑगस्टमध्ये रिटर्न भरले, पैसे अजून आलेले नाहीत. त्या पैशांतून पावसाआधी वडिलांच्या घराचे छप्पर उतरवून नवे वासे घालायचे होते. जूनमध्ये आई बादल्या मांडून बसली होती. ते आठवले की अजून जिवाला लागते.

दुसरा घाव वेगळाच. 23 जुलै 2024 पासून घर-जमिनीच्या दीर्घकालीन नफ्यावर महागाईची वजावट, म्हणजे इंडेक्सेशन, गेले आणि दर 20 वरून साडेबारावर आला. आधी घेतलेल्या मालमत्तेला रहिवाशांना दोन्हींपैकी कमी कर निवडता येतो. आपल्यासारख्या अनिवासींना नाही. मी त्या तारखेआधी विकले असते तर इंडेक्सेशनने खरेदी किंमत साडेअडुसष्ट लाखांवर गेली असती आणि सव्वातीन लाखांच्या आत कर बसला असता. दोन महिन्यांत दुपटीहून जास्त! बाहेर राहून घाम गाळणाऱ्याला ही निवड का नाही, हे मला आजही पटलेले नाही.

आता तुझे. तुझ्या बाबतीत इंडेक्सेशन गेल्याचे दुःख करू नकोस. जुन्या घराला 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, आणि इतक्या वर्षांत भाव इतके चढले की साडेबारा टक्केच स्वस्त पडतात. समजा तेव्हाची किंमत 12 लाख निघाली. 2025-26 च्या महागाई निर्देशांकाने, म्हणजे 376 ने, ती 45 लाख 12 हजार होते. 74 लाख 88 हजारांचे 20 टक्के जवळजवळ 15 लाख. 1 कोटी 8 लाखांचे साडेबारा टक्के साडेतेरा लाख. 2001 ची किंमत मात्र नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून काढून घे.

तुझा धोका दुसरीकडे आहे. सौदा तू करतोस, बोलतोस तू, म्हणून घेणाऱ्याचा वकील सगळे घर तुझे धरील आणि एक कोटी वीस लाखांवर 14.95 टक्के (मोठ्या रकमेला अधिभार जास्त) कापील. सुमारे 18 लाख, एकट्या तुझ्या पॅनवर! घर एकट्या तुझे आहे कुठे? तुझे वडील भाऊ गेले तेव्हा अर्धे तुझ्या आईचे, माईचेच होते, तिच्या हक्काचे. उरलेल्या अर्ध्यात तू आणि तुझी बहीण शालू. माईचे साठ लाख, शालूचे तीस, तुझे तीस, आणि त्या तिसांत वहिनी निम्म्याची धनी, कारण तुमचे लग्न फोंड्यातच नोंदवलेले आणि वेगळा करार तुम्ही केला नव्हता. माई आणि शालू इथल्याच, त्यांच्या वाट्यावर एक टक्का. कलम 195 फक्त तुझ्या आणि वहिनीच्या पंधरा-पंधरा लाखांना लागते. कागदावर हे वाटे आधी दिसले पाहिजेत. सगळे मिळून विकणार असाल तर स्पेशल नोटरीपुढचे डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस ठरवणारा दस्त, करा. ते झाल्याशिवाय कुठेही सही नको.

नंतर घेणाऱ्याला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढायला सांग. कराराचा मसुदा जोडून तुम्ही दोघे फॉर्म 13 ऑनलाइन भरा. कलम 197 चे प्रमाणपत्र त्याच्या टॅनवर मिळते. टीडीएस बयाण्याच्या पहिल्या रुपयापासून कापायचा असतो, म्हणून हे आधी. हप्ता कापला गेल्यावर प्रमाणपत्र त्या हप्त्याला उपयोगी पडत नाही. तुझ्या वाट्याला वाचेल ती रक्कम थोडी आहे, पण तू पुढे इथेच घर घेणार असशील तर कलम 54 ची सूट दाखवून कपात खूप खाली येते.

दलाल म्हणाला ना, आधारवरचा सावईचा पत्ता लावा, एक टक्क्यात भागेल? ऐकू नकोस. पासपोर्ट पोर्तुगालचा की भारताचा याला इथे महत्त्व नाही, वर्षात भारतात किती दिवस राहिलास ते मोजतात. उद्या उघड झाले तर घेणाऱ्याकडून न कापलेला कर वसूल करतील आणि तो तुझ्या मागे लागेल. रोख बयाणाही नको. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो.

कुळागर, म्हणजे बागायत, वेगळे विक. गाव फोंडा पालिकेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या पलीकडे आहे, माडा-पोफळींची लागवड खरी आहे, म्हणून ती ग्रामीण शेतजमीन ठरते आणि भारतात तिच्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. फक्त घेणारा इथला रहिवासी भारतीय हवा. जमिनीचा एक-चौदाचा उतारा मी काढून ठेवतो.

इथेच संपले असे समजू नकोस. तू ब्रिटनचा करदाता, तिथे जगभरचा नफा दाखवावा लागतो, कुळागराचासुद्धा. भारतात भरलेल्या कराची तिथे वजावट मिळते, पण तिथला वरचा दर 24 टक्के, म्हणून फरक भरावा लागेल. मात्र तिथले करवाले भाऊंच्या निधनाच्या दिवसाची किंमत धरतात, 2001 ची नव्हे, म्हणजे त्यांच्या हिशेबी नफा कमीच. मूल्यांकनकाराकडून दोन्ही तारखांच्या किमती एकदमच घे. पैसे तुझ्या एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या इथल्या बँक खात्यात येतील. तिथून पैसे परदेशी नेताना फॉर्म 15सीए आणि सीएचे प्रमाणपत्र 15सीबी लागेल. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतची मुभा तुला पुरून उरते.

दिवाळीला ये, नरकासुर बघू, गिऱ्हाइकाला चहा पाज, बयाणा मात्र घेऊ नकोस. माईचे पॅन आधारशी जोडलेले आहे का तेही बघायला हवे, नाही तर तिच्या वाट्यावर एकाऐवजी वीस टक्के कापतील. उद्या सकाळी मी सावईला जातो आहे, तिच्याकडून कार्ड घेऊन बघतो आणि तुला कळवतो.

तुझा,
विनू