बीपीची गोळी का सुटते, हे विचारा

संपादक महोदय,

सरकारी दवाखान्यात बीपीची गोळी मोफत मिळते, पण ती मधेच का सुटते हे कुणी विचारत नाही. डोकं दुखायचं थांबलं की रुग्णाला वाटतं, बीपी गेला. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींच्या घोट्यांवर सूज येते. आधी सांगितलं नाही तर माणूस परस्पर गोळी सोडतो. म्हणून "गोळी घेता का?" नको, "या आठवड्यात किती दिवस गोळी घ्यायची राहिली?" असं विचारावं. सोयाबीन कापणीत तर हमखास राहते. मिठाचं बोलणं घरी स्वयंपाक करणाऱ्यांशी हवं: माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, त्यातच लोणचं, पापड, ठेचा आला. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) बंद, मग 5 मिनिटं पाठ टेकून शांत बसवावं. खर्रा सोडवायला मात्र एक भेट पुरत नाही, रुग्णाला पुन्हा पुन्हा बोलवावंच लागतं.

— आरोग्य समुपदेशक, जि. यवतमाळ