पद्मिनीला दुसरं इंजिन टाकण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या प्रीमियर पद्मिनीत, म्हणजे आपल्या ‘फियाट’ गाडीत, ‘दमदार’ इंजिन बसवणाऱ्या तरुणांविषयीचा लेख वाचला. मुलांची हौस खरी आहे आणि त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण इंजिन कोणतं निवडावं, या मुख्य प्रश्नावर लेखात फक्त किती ताकद वाढली एवढंच होतं. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग (झिजलेले सिलिंडर आतून तासणं) आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ग्राइंडिंगचं काम करतो. लेख छापून आल्यापासून ‘काका, हिच्यात जिप्सीचं बसेल का?’ असं विचारत पोरं दुकानात येताहेत, म्हणून हे पत्र.

पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५ मिमी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. आंबा घाटात चार माणसं आणि सामान घेऊन ती रेंगाळते हे मान्य. पण इंजिन बदलायला निघालेल्या बहुतेकांची तक्रार ताकदीची नसतेच, ‘गाडी गरम होते’ अशी असते. त्यांतलं एक इंजिन नुकतंच माझ्या टेबलावर उघडलं. ब्लॉकच्या बाजूच्या कोअर प्लग (पाण्याच्या वाटेची झाकणं) काढल्या तर आत पाण्याच्या वाटेत तपकिरी गाळ दगडासारखा बसलेला. मागच्या सिलिंडरभोवती तर स्क्रूड्रायव्हरचं टोकही आत जाईना. वर्षानुवर्षं बोअरवेलचं क्षाराचं पाणी ओतलं, कूलंट कधी घातलंच नाही, मग दुसरं काय होणार? गाळ खरवडून काढला, रेडिएटरच्या नळ्यांत सळई घालून सफाई (रॉडिंग) केली, बोअर एक साइज वाढवून नवे पिस्टन-रिंगा टाकल्या, क्रँक ग्राइंड करून बेअरिंगं बदलली, हेड घासून सपाट (फेसिंग) केलं. आता भर उन्हातही काटा मध्यावर असतो. या गाडीचं इंजिन भंगारात जाणार होतं!

म्हणून माझं पहिलं मत हेच, की ब्लॉकला तडा नसेल तर आहे तेच इंजिन नीट बांधा. पिस्टन, बेअरिंग आजही शोधलं तर मिळतं.

ब्लॉक खरोखर गेला असेल, तर दुसरं पद्मिनीचंच इंजिन घ्या. आणि तेही नको असेल, तर आरटीओची पूर्वपरवानगी मिळत असेल तरच मी प्रीमियरच्याच ११८ एनईचं इंजिन सुचवतो. १९८५ मध्ये आलेल्या त्या गाडीत निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन होतं. बोअर ७३, स्ट्रोक ७०. पद्मिनीच्या फियाट इंजिनात क्रँकला तोलणारी तीन मेन बेअरिंगं, याच्या क्रँकला पाच, त्यामुळे वरच्या आरपीएमला ते शांत चालतं. पुश रॉडचं, कार्बोरेटरचं, गाडीच्या लांबीत उभं बसणारं इंजिन आहे. गावातल्या मिस्त्रीलाही उघडता येतं. ताकद थोडीच वाढते. गाडीला सोसेल इतकीच वाढते म्हणून मला ते पटतं.

कारण पद्मिनीला जीपसारखी खाली वेगळी चेसी (सांगाडा) नाही. बॉडी हीच चेसी. जीपमध्ये महिंद्रानेच प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल घातलं, सिलिंडरमध्ये थेट डिझेल फवारणारं डीआय इंजिन घातलं, आणि शिडीच्या चेसीने ते पेललं. ॲम्बॅसॅडरमध्येही इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन पाच गिअरच्या पेटीसह कंपनीनेच दिलं होतं. पद्मिनीलाही कंपनीने १३७ डी म्हणून १३६६ सीसीचं डिझेल दिलं. पण कुठल्या तरी टेम्पोचं जड डिझेल इंजिन घेऊन, क्रॉस मेंबर (इंजिनाखालचा आडवा आधार) कापून इंजिनाच्या बैठकीला पट्ट्या वेल्ड करणं हे वेगळं. अशी एक गाडी माझ्याकडे आली होती. क्रॉस मेंबरच्या वेल्डिंगपासून निघालेली चीर पार पुढच्या सस्पेन्शनच्या बैठकीपर्यंत गेली होती, आणि त्या गाडीतून कुटुंब पंढरपूरला जाऊन आलं होतं. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला.

मारुतीच्या एस्टीम किंवा जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन तर सगळ्यांच्याच तोंडी आहे. एस्टीमचं पुढच्या चाकांना ओढणारं, आडवं बसणारं. पद्मिनीची चाकं मागून फिरतात, म्हणजे गिअरपेटी वेगळी शोधणं आलं. जिप्सीचं उभं आहे, पण प्रोपेलर शाफ्ट (ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) नव्याने करून बॅलन्स करावा लागतो. कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारं एमपीएफआय घेतलं तर ते चालवणारा ईसीयू हा छोटा संगणक, वायरिंग, टाकीत प्रेशरचा पंप. एवढं करून चारही चाकांना मूळचे ड्रम ब्रेक तसेच! ब्रेकचं बजेट आधी काढा, उरलेल्या पैशात इंजिन बसतंय का ते बघा.

आता कागदांचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. मान्यताप्राप्त किट बसवून सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर जाणं हा अपवाद. कलम १८२ अ खाली नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवणार ते याच बदलावर. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते, पण चेसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल तरच. १९७४-७५ च्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्या. आज हौसेने इंजिन बदलणारा मुलगा ती वाट कायमची बंद करून बसतो.

तरीही दोष पोरांच्या माथी मारून चालणार नाही. त्याच जातीचं दुसरं इंजिन रीतसर चढवायचं तर पूर्वपरवानगी कोणाकडे मागायची, इंजिन खरेदीचा कोणता पुरावा जोडायचा, तपासणी कोण करणार, हे एका कागदावर, मराठीत, प्रत्येक आरटीओच्या फलकावर लागायला हवं. ते नाही म्हणून माणसं रात्रीत इंजिन बदलून घेतात आणि जुन्या इंजिनाचा नंबर नव्यावर ठोकून देतात. हा गुन्हा आहे हे त्यांना सांगणारंही कोणी नसतं. परिवहन खात्याने एवढं करावं, अशी माझी आपल्या पत्रातून मागणी आहे. आणि आपल्याला विनंती, की पुढच्या वेळी अशा गाडीचा फोटो छापताना मालकाला दोन प्रश्न जरूर विचारा: आरसीवर कोणत्या इंजिनाचा नंबर आहे, आणि पुढच्या चाकांना ब्रेक कोणते आहेत.

आपला,
एक बोअरिंगवाला
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर