पाकिटावरची तारीख

फोंडा, गोवा
४ फेब्रुवारी

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, आधी कबुली देते. दसऱ्यानंतर आठ-दहा दिवसांनी तुम्ही फोनवर विचारलंत, "स्वीट पी उगवली का गं?" आणि मी म्हटलं, "हो, मस्त!" ती थाप होती. त्या फुलवेलीचा कुंडीत एक कोंब नव्हता. पाकिटावर तुमच्या अक्षरात 'दसऱ्याला पेरणे' लिहिलेलं, म्हणून दसऱ्याच्याच दिवशी गच्चीवर पेरली होती. पण तुमच्या टिळकवाडीचा दसरा वेगळा, फोंड्याचा वेगळा. इथे पाऊस ओसरला की ऑक्टोबरचं ऊन असं काही तापतं की दिवेलागणीलाही कुंडीला हात लावला तर चटका बसतो. वीस बियांतल्या काही कुजल्या, बाकीच्या उंदरांनी उकरून नेल्या. सकाळी बघते तर मातीत नुसती भोकं.

नशीब, अकरा बिया पाकिटातच राहिल्या होत्या. दिवाळी होऊ दिली, पहाटे जरा गारवा वाटायला लागला, मग त्या काढल्या. तुम्ही ब्लेडने करायचात ते मला जमेना, बोटच कापलं. शेवटी नेलकटर घेतलं. मिऱ्याएवढी ती काळी बी चिमटीत धरायची, डोळ्याच्या उलट बाजूला सालीचा एवढासा टवका काढायचा, आतलं पिवळसर दिसलं की पुरे. रात्रभर पाण्यात ठेवल्या. सकाळी आठ टम्म फुगलेल्या, तीन तशाच टणक. त्यांना पुन्हा टवका.

इथली माती लाल, चिऱ्याची, आंबट. तुमच्या काळ्या मातीची मिजास हिला नाही. शेणखत आणि चिमूट-चिमूट चुना मिसळून काजूची रोपं येतात त्या उंच काळ्या पिशव्या भरल्या, कारण मुळं सरळ खाली जातात हे तुमचं वाक्य लक्षात होतं. यावेळी गच्ची नाही. न्हाणीघरामागे विहिरीजवळ ठेवल्या. तिथे दहापर्यंत कोवळं ऊन, मग दिवसभर सावली. कोंब येईपर्यंत वर ओलं गोणपाट, त्यावर उंदरांसाठी जाळीचं झाकण. सात उगवल्या. दोन गोगलगायींनी खाल्ल्या. पाच आहेत.

चार पानं आल्यावर शेंडा खुडताना हात चालेना. आई, तू म्हणायचीस ना, "वाढतंय त्याची मुंडी कशाला मोडता?" अगदी तेच तोंडात आलं. पण खुडल्यावर आठवड्याभरात बगलेतून दोन-दोन फुटवे आले. बांबू लावले तर वेल त्यांना धरेचना. तणावे केसाएवढे बारीक, त्यांना बोटाएवढा जाड बांबू कसा पेलणार? दिरांनी बेतुलहून मासेमारीचं फाटकं जाळं आणून बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका तणाव्याने दोरीला दोन वेढे मारलेले!

२९ जानेवारीला पहिलं फूल. किरमिजी पाकळी वर उभी, खाली दोन जांभळे पंख. सिसिलीतल्या कुपानी नावाच्या पाद्र्याने १६९९ साली इंग्लंडला बी पाठवलं, त्यातलंच हे, असं तुम्ही प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचात, आणि पाहुणा बिचारा चहाची वाट बघत बसायचा. मीही परवा शेजारणीला तेच ऐकवलं. देठ तुमच्यासारखे वीतभर नाहीत, जेमतेम चार बोटं. काही कळ्या पिवळ्या पडून गळतात. रात्री म्हणाव्या तशा गार नाहीत, त्यामुळे असेल. पण वास तोच. आई, स्टीलच्या पेल्यात तीन फुलं घालून फ्रीजवर ठेवली आहेत, तू रेडिओवर ठेवायचीस तशी. (कोथिंबिरीची उन्हाची जागा बाबांनी या वेलींना दिली, हा तुझा राग अजून आहे का गं?)

एक गंमत. काल सासूबाईंनी पहिली शेंग पाहिली आणि म्हणाल्या, "अगो, हे वाटाणेच न्हय?" सुंगटांत, म्हणजे कोळंबीत, घालायचा बेत होता त्यांचा. मी धावतच गेले. नाव गोड, पण बी विषारी, लाखीच्या डाळीच्या कुळातलं, हे सांगितल्यावर त्यांनी नातवाला त्या कोपऱ्यात जायची बंदीच केली. बरंच झालं.

चार वेलींची फुलं रोज कापते. शेंगा धरल्या की फुलणं थांबतं, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही म्हणेन. पाचवीला हात लावत नाही, ती बियांसाठी. शिगम्यापर्यंत उन्हाने सगळंच वाळेल, म्हणून फुलं बघायची तर पंधरा दिवसांत या. बाबांच्या गुडघ्यांना एसटीच्या पायऱ्या नकोत, हे गाडी घेऊन येतील. खालचीच खोली दिली आहे.

बी त्याच पाकिटात भरणार आहे. 'दसऱ्याला' खोडून त्याखाली 'दिवाळीनंतर' लिहिलंय. रागावू नका.

तुमची,
शमू