नुसत्या ३-२ ने काय कळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या एनसीएएच्या (विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेच्या) महिला गोल्फ स्पर्धेची बातमी आपल्याकडे आलीच तर एका ओळीत आटोपते. २०२५ मध्ये नॉर्थवेस्टर्नने अंतिम फेरीत स्टॅनफर्डला ३-२ असे हरवले. पण आधीच्या चार फेऱ्यांअखेर अव्वल होते ते स्टॅनफर्डच. हे छापले नाही, तर निकालाचा अर्थच लागत नाही.

पहिल्या, म्हणजे सर्वोच्च विभागाच्या या स्पर्धेत ३० संघ स्ट्रोकप्ले खेळतात, म्हणजे ज्यांचे एकूण फटके कमी ते पुढे. संघात पाच जणी असतात आणि रोज त्यांतल्या चांगल्या चौघींचेच फटके धरतात. एखादीचा दिवस वाईट गेला तरी संघ तरतो. मात्र फेरीच्या मध्यातच एकीने माघार घेतली, तर उरलेल्या चौघींचे सगळे फटके मोजले जातात. तीन फेऱ्यांनंतर १५ संघ उरतात. चार फेऱ्यांचे ७२ होल (चेंडू घालायचे खड्डे) झाले की वैयक्तिक विजेती ठरते आणि पहिले आठ संघ मॅचप्लेला, म्हणजे एकास एक लढतींना जातात; त्यांत एकेक होल जिंकायचा असतो.

इथे आधीची आघाडी पुसली जाते. मॅचप्लेच्या पाच लढती, प्रत्येकीला एक गुण, आणि तीन गुण झाले की विजय. होल एका फटक्याने गमावला काय किंवा चार फटक्यांनी, नुकसान एकाच होलचे. त्यामुळे एकूण फटके कमी असूनही संघ हरू शकतो. तिसरा गुण मिळाला की उरलेली लढत सोडून देतात. २०२३ मध्ये वेक फॉरेस्टने यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) ३-१ ने हरवले, त्यात पाचवा गुण दिसत नाही तो यामुळेच. शिवाय उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने एकाच दिवशी, म्हणजे ३६ होलची चाल. दमलेल्या पायांनी मारलेला अप्रोच (ग्रीनकडे मारायचा फटका) ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या आखूड हिरवळीच्या, अलीकडेच पडतो.

महिलांसाठी ही पद्धत २०१५ पासून आहे. ती राहावी, कारण समोरासमोरच्या लढतीतला कस वेगळाच असतो. पण चार फेऱ्या पुढे राहिलेल्या संघालाही स्वतंत्र विजेतेपद मिळायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

विनंती एवढीच: बातमीत स्ट्रोकप्लेचे पहिले आठ संघ, वैयक्तिक विजेती (२०२५ मध्ये आर्कान्सॉची मारिया होजे मारिन) आणि पाचही लढतींचे निकाल द्यावेत. एका लढतीचा निकाल ‘३ आणि २’ म्हणजे दोन होल बाकी असताना तीन होलची आघाडी, अशी टीपही जोडावी. अशा चौकटीला दहा ओळी पुरतील. भारतीय वंशाची मेघा गन्ने स्टॅनफर्डकडून खेळली आहे. तिच्यामुळे का होईना, ही चौकट वाचणारे आपल्याकडे नक्की आहेत.

आपला,
एक गोल्फप्रेमी वाचक, पुणे