दात किडला की लगेच रूट कॅनाल?

मा. संपादक,

डेंटिस्टच्या खुर्चीत आपण तोंड उघडं टाकून पडलेलो असतो, बोलता येत नाही, आणि तेवढ्यात चार फिलिंग, दोन रूट कॅनाल, वर कॅप असा हिशोब ऐकवला की नुसती मान हलवायची. मग भरवशाचा डॉक्टर ओळखायचा कसा?

माझ्या मते जो एक्स-रे दाखवून कीड कुठपर्यंत गेलीय ते समजावतो तो. कीड नुसती इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरात असेल आणि खड्डा पडला नसेल तर फ्लोराइड आणि नीट ब्रशिंगने ती तिथेच थांबू शकते, ड्रिल लागेलच असं नाही. रूट कॅनालचं म्हणाल तर आतली नस वाचण्यासारखी राहिली नसेल तेव्हाच ते करायचं असतं, म्हणून आधी थंड लावून, दातावर टकटक करून तपासतात का ते बघा.

जुनं चांदीचं फिलिंग (त्यात पारा असतो) 'विषारी' म्हणून बदलायला सांगणारेही भेटतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, २०२० मध्येच सांगितलंय की चांगल्या स्थितीतलं असं फिलिंग वैद्यकीय गरज नसेल तर काढू नका.

अर्थात दुखत नाही म्हणजे कीड नाही असंही नसतं हं, आणि सगळेच डॉक्टर लुटायला बसलेत असंही मला म्हणायचं नाही. पण सूज, ताप, असह्य ठणका असं काही नसेल तर एक्स-रेची कॉपी घेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला वेळ असतो, आणि पहिल्याने काय सांगितलं ते दुसऱ्याला आधी सांगूच नका.

– एक वाचक